रेंजफाइंडर, कुळागर आणि एकतीस मीटर

दरवर्षी भारताची तिकिटं काढली की घरच्या ग्रुपवर यादी सुरू होते. कुणाला व्हिटॅमिनच्या गोळ्या, कुणाला बदाम, भाचरांना बूट. गेल्या डिसेंबरच्या यादीत पेडण्याहून माझ्या चुलतभावाचा, भाईचा, वेगळाच मेसेज आला. "लेझर रेंजफाइंडर हाड. लांबचा नेम धरताना गोळी किती खाली येईल ते सांगणारा. तू इंजिनिअर, तूच बघून घे."

आमच्याकडे 'हाड' म्हणजे 'आण'. कुत्र्याला हाकलायचं ते नव्हे, एवढं इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगून ठेवतो.

मेसेजमागचं कारण मला माहीत होतं. गोव्यात पेडणे तालुक्यात आमचं जुनं घर आहे, त्यामागे काजूची बाग, खाली थोडी भातशेती. काकांच्या नावावर पिकाच्या राखणीसाठी एका बंदुकीचा परवाना आहे. जुनी एकनळी, छर्ऱ्याची. काका आता ७६ वर्षांचे झाले, हात थरथरतात. परवाना भाईच्या नावावर करून घ्यावा असं घरात चाललं होतं. रानडुकरं आणि माकडं दरवर्षी वाढताहेत, आणि भाईला वाटत होतं की बंदूक घ्यायचीच तर नीट, शास्त्रशुद्ध घ्यावी. इंटरनेटवर त्याने लांब पल्ल्याच्या नेमबाजीचे व्हिडिओ पाहिले होते. हजार यार्डांवरची लोखंडी पाटी 'टण्ण' वाजते, ते.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण कुठलंही उपकरण घ्यायचं म्हटलं की मी आधी तक्ता बनवतो. बायको म्हणते, घरचा मिक्सर घ्यायलाही याने तीन आठवडे लावले होते. तसाच तक्ता याचाही बनवला. ऑफिसातला एक सहकारी शनिवार-रविवारी लांबच्या रेंजवर जातो, त्याच्याबरोबर एक सकाळ काढली आणि बरंच शिकलो.

हे यंत्र चालतं कसं, ते सोपं आहे. लेझरचा एक क्षणिक झोत जातो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, आणि यंत्र गेल्या-आल्याचा वेळ मोजतं. एक हजार मीटरवर जाऊन यायला प्रकाशाला सुमारे पावणेसात मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे एका मीटरचा फरक ओळखायला साडेसहा नॅनोसेकंदांचा फरक कळायला हवा. आपल्या मुठीत मावणारी वस्तू हे करते, याचं मला अजून नवल वाटतं.

निवड करताना चार गोष्टी बघाव्या लागतात. पहिली म्हणजे खोक्यावर छापलेला पल्ला. तो चकचकीत वस्तूसाठी असतो. झाडासाठी तो बराच कमी होतो, जनावराच्या अंगासाठी आणखी कमी. दुसरी म्हणजे झोताची रुंदी. झोत पुढे जाता जाता पसरतो. दीड मिलिरेडियन पसरणारा झोत हजार मीटरवर दीड मीटर रुंद होतो, मग आकडा नेमका कशाचा आला, पाटीचा की तिच्या बाजूच्या झुडपाचा, हा प्रश्न उरतो. म्हणून चांगल्या यंत्रात पहिली वस्तू की शेवटची वस्तू असा पर्याय असतो. तिसरी गोष्ट कोन. उंचावरून खाली नेम धरला तर सरळ रेषेतलं अंतर जास्त आणि आडवं अंतर कमी असतं. तीस अंशांच्या उतारावर शंभर मीटरचे साधारण ८७ मीटर होतात, आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब ढोबळमानाने त्या आडव्या अंतराने करावा लागतो.

चौथी गोष्ट भाईला हवी होती ती, बॅलिस्टिक हिशेब. सिग सॉअर, व्हॉर्टेक्स, लायका अशा कंपन्यांची यंत्रं अंतर मोजतातच, शिवाय गोळीचा वेग, तिचा हवा कापण्याचा गुणांक, दुर्बीण नळीपासून किती उंच आहे, तापमान, हवेचा दाब हे सगळं घेऊन किती वर नेम धरायचा ते सांगतात. हजार यार्डांवर नेहमीच्या .३०८ रायफलची गोळी पोहोचायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि शंभर यार्डांवर बसवलेल्या नेमापेक्षा ती सुमारे दहा मीटर खाली येते. तीन मजली इमारतीएवढी! तिथे अंतर दहा मीटरने चुकलं तर गोळी वीतभर चुकते. म्हणून त्या खेळात हे यंत्र लागतंच. वाऱ्याचा वेग मात्र ही यंत्रं स्वतः मोजत नाहीत, तो वेगळ्या मीटरने मोजून भरावा लागतो. एक गंमतही कळली. दमट हवा जड असते असं आपल्याला वाटतं, पण त्याच तापमानाला आणि दाबाला दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते.

सहकारी म्हणाला, "यात आकडा चुकीचा भरलास, तर उत्तरही तितकंच नेटकं आणि चुकीचं येईल." हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी वेगळं सांगायला नको.

माझा तक्ता सतरा रकान्यांचा झाला, किमती शंभर-दीडशे डॉलरपासून तीन हजारांच्या पुढे गेल्या, तेव्हा मला साधा प्रश्न सुचला. हे सगळं एकनळी छर्ऱ्याच्या बंदुकीला लावायचं कशासाठी? छर्ऱ्याचा उपयोगी पल्लाच पस्तीस-चाळीस मीटरचा. शिवाय असं शस्त्राशी जोडलेलं उपकरण देशाबाहेर न्यायचं तर निर्यातीचे आणि कस्टमचे नियम तपासावे लागतात. शेवटी मी गोल्फवाल्यांचा साधा रेंजफाइंडर घेतला. अंतर आणि कोन, बस्स. भाईला म्हटलं, आधी आपण बागेत अंतरं तर मोजू, मग पुढचं ठरवू. तो जरा हिरमुसला.

मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमचं घर एकदम जवळ आलंय. पूर्वी दाबोळीला उतरून अख्खा उत्तर गोवा ओलांडून यावं लागे, आता विमानतळच पेडणे तालुक्यात आहे. भाई घ्यायला आला होता. गाडीत बसतानाच विचारलं, "हाडलां मरे?" मी खिशातून काढून दाखवला. त्याची बारा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर होती. तिने तो घेतला आणि मी परत अमेरिकेला निघेपर्यंत माझ्याकडे काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेरेखोलला गेलो. हा किल्ला तेरेखोल नदीच्या उत्तरेच्या तीरावर आहे, म्हणजे जमिनीने बघितलं तर महाराष्ट्राच्या बाजूला, पण आहे गोव्यात. केरीहून फेरीबोटीने पलीकडे जायचं. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. पुतणीला हे शाळेत शिकवलेलं आठवत होतं, तिने मलाच सांगितलं.

तटावरून ती एकेक वस्तू मोजत सुटली. समोरच्या केरीच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांचा आकडा लगेच आला. फेरीबोटीच्या पांढऱ्या केबिनचा आला, आणि बोट सरकत होती तसा दर वेळी बदलत गेला. नदीच्या पाण्याचा मात्र येईना. तिरक्या कोनात पाण्यावर पडलेला झोत पुढे निघून जातो, परत येतो तो फारच थोडा. "मग पूर्वी तोफवाल्यांना कसं कळायचं?" तिने विचारलं.

प्रश्न चांगला होता. कळायचं ते अंदाजाने आणि सवयीने. तोफेच्या नळीत क्वाड्रंट नावाचं कोन मोजायचं साधन बसवायचे, एक गोळा टाकून बघायचे, कमी पडला की कोन वाढवायचे. किल्ल्यावरच्या गोलंदाजाला समोरचा कुठला खडक, कुठलं झाड टप्प्यात आहे ते पाठ असणार. योगायोग बघा, बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये तोफांच्या शास्त्रावर पुस्तक लिहिलं आणि हवेचा अडथळा लोक समजत होते त्यापेक्षा किती तरी जास्त असतो हे प्रयोगाने दाखवलं. लटकवलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी मारायची, ठोकळा किती झोका घेतो त्यावरून गोळीचा वेग काढायचा. आज रेंजफाइंडरच्या आत बसलेल्या हिशेबाचा हा पूर्वज. त्यानंतर चार वर्षांनी पोर्तुगीजांनी तेरेखोल घेतला. आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनिअर म्हणून हाच रॉबिन्स भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

परतताना हळर्णच्या किल्ल्यावर थांबलो. शापोरा नदीच्या काठी, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, भोवती खंदक. हाही सावंतवाडीकर भोसल्यांचा. मे १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला आणि त्याच विजयावरून त्याला 'मार्क्विस ऑफ आलोर्ना' हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण. लिस्बनच्या दरबारातला एक किताब पेडण्यातल्या गावाच्या नावाने ओळखला जायचा, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

तिथे भाई तटावर बसून म्हणाला, "मला असं वाटतं, बाबांनी बंदूक नीट शिकून घेतली असती, असलं यंत्र तेव्हा असतं, तर डिचोलीचं ते झालं नसतं."

घरात 'डिचोलीचं ते' याच नावाने ती गोष्ट ओळखली जाते, आणि ओळखीपलीकडे कधी बोलली जात नाही. माझी आत्या डिचोलीला दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांचं सुपारी-नारळाचं कुळागर आहे. मी दोन वर्षांचा असताना रानडुकरांनी कुळागराची नासधूस केली म्हणून अण्णांनी काकांना बंदूक घेऊन बोलावलं. रात्री काका माळ्यावर बसले होते. पाटाच्या पलीकडे केळी हलल्या, काकांनी बार काढला. केळींमागे अण्णा होते. पाटाचं पाणी वळवायला उतरले होते. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात गेले. म्हापशाच्या डॉक्टरांनी काढता आले तेवढे काढले. अण्णा आजही लंगडतात. आम्ही लहानपणी चवथीला डिचोलीला का जात नाही, याचं उत्तर मला विसाव्या वर्षी मिळालं.

नंतर येणं-जाणं सुरू झालं, लग्नकार्यांत दोघे शेजारी बसून जेवतातही. पण त्या रात्रीबद्दल ते दोघे बोलले नाहीत. फक्त अंतराबद्दल दोन्ही घरांत दोन मतं होती. आमच्या घरी म्हणायचे, सत्तर पावलं होती, एवढ्या अंधारात कुणाला कळणार? डिचोलीत म्हणायचे, वीस पावलं, माणूस ओळखू येऊ नये?

तिसऱ्या दिवशी आम्ही डिचोलीला जेवायला गेलो. काकाही आले. वाटेत खाणींच्या लाल मातीच्या टेकड्या दिसल्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा होत्या त्या एकदम नाहीशा झाल्या होत्या, आणि काही घरांनी परत शेतीकडे बघायला सुरुवात केली. अण्णांचा मुलगाही त्यातलाच. जेवणानंतर पुतणीने कुळागरात मोजायला सुरुवात केली. विहीर ते मांगर, मांगर ते शेवटचा माड. माडांच्या झावळ्यांत पहिली वस्तू धरली तर एक आकडा, शेवटची धरली तर दुसरा. ती मोठ्याने आकडे वाचत होती आणि ओट्यावर बसलेले अण्णा ते बरोबर की चूक सांगत होते. बहुतेक वेळा एक-दोन मीटरच्या आत अण्णा बरोबर निघाले.

मग अण्णाच उठले. काठी घेतली आणि काकांना म्हणाले, "चल, ते एकदा मोजून टाकू."

माळा केव्हाच मोडला, पण त्याचा एक खांब उरलाय. काका त्या खांबाजवळ उभे राहिले. अण्णा सावकाश पाट ओलांडून केळींच्या जागी गेले. केळी आता नव्या आहेत, जागा तीच. पुतणीला काहीच माहीत नव्हतं. तिने खांबाला टेकून अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर यंत्र धरलं.

"एकतीस," ती म्हणाली. "एकतीस मीटर."

म्हणजे चाळीस-पंचेचाळीस पावलं. सत्तरही नाही, वीसही नाही. माझ्या डोक्यात सवयीने हिशेब सुरू झाला. एकतीस मीटरवर छर्रा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खाली येतो. जगातलं सर्वांत महाग यंत्र असतं तरी त्या रात्री त्याने काकांना सांगितलं असतं, सरळ नेम धर. काकांचा नेम चुकलाच नव्हता. केळींमागे कोण आहे हे त्यांनी बघितलं नव्हतं, एवढंच झालं होतं. आणि ते सांगणारा रकाना माझ्या सतरांमध्ये एकही नव्हता.

हे मी मोठ्याने बोललो नाही. काकाच बोलले. खांबाला हात धरून म्हणाले, "भावोजी, मला डुक्कर दिसलं नव्हतं. पान हललेलं दिसलं होतं."

अण्णा म्हणाले, "ठाऊक आहे रे. मीही हाक मारायला हवी होती. तू वर बसलायस हे मला माहीत होतं की."

एवढंच. मग आत्याने चहाला हाक मारली.

गाडीतून परतताना काकांनी भाईला सांगितलं की परवाना त्याच्या नावावर करायचा नाही, बंदूक जमा करायची. भाईने पेडणे येईपर्यंत वाद घातला. माकडांचं काय, डुकरांचं काय? त्याचाही मुद्दा खोटा नाही. नुकसान खरं आहे, आणि इथे बसून वन्यजीवांवर उपदेश करणं मला सोपं आहे. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि राखणीचा परवाना असला म्हणून रानडुक्कर मारायची मोकळीक मिळत नाही. तेव्हाही नव्हती. घरात हे कुणी कधी स्पष्ट म्हटलं नव्हतं, ते त्या दिवशी काकांनी म्हटलं.

उरलेले चार दिवस मी, भाई आणि पुतणी काजूच्या बागेची हद्द मोजत फिरलो. सौर कुंपणाला तार किती लागेल ते काढायचं होतं. शेतीखात्याची मदत किती मिळते ते विचारायला भाई कचेरीत जाऊन आला. उतारावर यंत्र दोन आकडे दाखवायचं, सरळ आणि आडवं. पुतणी आपसूक आडवा आकडा लिहायला लागली. तेव्हा भाईने तिला थांबवलं. "तार जमिनीवरून जाणार गो, सरळ आकडा घे." गोळीसाठी जो आकडा वापरायचा, तो तारेसाठी चालत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीला हे भाईच्या आधी सुचायला हवं होतं.

तुमच्यापैकी कुणाला या खेळाची खरोखर आवड असेल, तर ती जरूर जोपासा, पण क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या हाताखाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते पन्नास मीटरवर, आणि तिथे अंतर आधीच ठरलेलं असतं. रेंजफाइंडर लागत नाही. हजार यार्डांच्या रेंजवर जाणार असाल तर वर लिहिलेल्या चार गोष्टी तपासा, झोताची रुंदी विसरू नका, आणि वारा मोजायला वेगळा मीटर घ्या. माझ्या सहकाऱ्याच्या रेंजवर पाटीमागे मातीचा उंच बांध होता, आणि प्रत्येक फेरीआधी कुणीतरी "पुढे कुणी नाही ना?" असं विचारत होतं. आकडा बघायच्या आधी ते विचारतात.

गेल्या आठवड्यात भाईचा मेसेज आला. बंदूक जमा करायचे कागद दिलेत. कुंपणाचे खांब आलेत. आणि पुतणीला पुढच्या वेळी काय हवंय त्याची यादी जोडली होती. पहिल्या क्रमांकावर रेंजफाइंडरची बॅटरी.